१२३४५६७८९८७६५४३२१ : अवयव, विभाजक, आणि दहाव्या एकाला जिना का मोडतो?

तीनतेरा:

नऊ एकांचा, म्हणजे १११११११११ चा, वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो. अंक एकापासून नवापर्यंत चढतात आणि पुन्हा एकापर्यंत उतरतात, हाच तो जिना. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचं मला पायऱ्यांसकट हवं आहे.

मूळ अवयव हाताने कसे काढायचे? विभाजक एकूण किती, त्यांची बेरीज किती? एक्सेलमध्ये ही संख्या टाकली की शेवटी ३२१ ऐवजी ३०० दिसतं आणि फॉरमॅट बदलूनही काही होत नाही, ते का? दहा एकांचा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ येतो. त्यात चढतीवरचा ८ गायब आहे, उतरतीवरचा मात्र जागच्या जागी आहे. हा एकतर्फी घोटाळा कसा?

आणि जाता जाता: ही संख्या मराठीत वाचायची कशी?

पाढेवाला:

अवयवांपुरतं मी सांगतो. सतरा अंकी संख्येला थेट हात घालू नका. वर्गमूळ हातात आहे, तेव्हा नऊ अंकी संख्येचे अवयव पाडायचे आणि शेवटी सगळे घात दुप्पट करायचे.

नऊ एक तीन-तीनच्या गटांत मांडा: १११×१००१००१. यातला १११ = ३×३७. १००१००१ ची अंकबेरीज ३, म्हणून ३ ने भाग जातो आणि ३३३६६७ येतात. म्हणजे १११११११११ = ३×३×३७×३३३६६७.

घोडं अडतं ते ३३३६६७ वर. ही मूळ संख्या आहे का? ५७७ चा वर्ग ३३२९२९ आणि ५७८ चा ३३४०८४, म्हणून ५७७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहावं लागेल. त्या १०६ आहेत. एवढे भागाकार करायची गरज नाही, दोन चाळण्या लावा.

पहिली चाळणी. समजा 'प' या मूळ संख्येने ३३३६६७ ला भाग जातो. मग ९९९९९९९९९ लाही जातो, म्हणजे १०^९ ला प ने भागल्यावर बाकी १. दहाच्या ज्या घाताला बाकी पहिल्यांदा १ येते तो घात ९ चा विभाजक असणार: १, ३ किंवा ९. तो १ किंवा ३ असेल तर प ने ९९९ ला भाग गेला पाहिजे, म्हणजे प = ३ किंवा ३७. पण ३३३६६७ ची अंकबेरीज २८, म्हणून ३ बाद. ३७×९०१८ = ३३३६६६, बाकी १, म्हणून ३७ ही बाद. उरला ९. फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार (प ने भाग न जाणाऱ्या संख्येचा प−१ वा घात प ने भागला की बाकी १ येते) हा ९ प−१ चा विभाजक असतो. प विषम, म्हणजे प−१ सम, म्हणून प−१ ला १८ ने भाग जातो. अठराच्या पटीत एक मिळवून मिळणाऱ्या ५७७ पर्यंतच्या मूळ संख्या: १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. ३७ आधीच गेला. उरले सोळा.

दुसरी चाळणी. १०^९ ची बाकी १, म्हणून १०^१० ची बाकी १०. पण १०^१० हा १०^५ चा वर्ग आहे. म्हणजे प च्या हिशेबात १० हा कुणाचा तरी वर्ग ठरला. क्वाड्रॅटिक रेसिप्रोसिटी (एखादी संख्या प च्या हिशेबात वर्ग ठरते का, हे सांगणारा नियम) लावली की अशा प ला ४० ने भागल्यावर बाकी १, ३, ९, १३, २७, ३१, ३७, ३९ यांपैकीच येते. सोळातले सहा टिकतात:

१६३×२०४७ = ३३३६६१, बाकी ६
१९९×१६७६ = ३३३५२४, बाकी १४३
२७१×१२३१ = ३३३६०१, बाकी ६६
३०७×१०८६ = ३३३४०२, बाकी २६५
३९७×८४० = ३३३४८०, बाकी १८७
५२३×६३७ = ३३३१५१, बाकी ५१६

कुणीच निःशेष भागत नाही, म्हणून ३३३६६७ मूळ. १०६ भागाकारांचं काम सहात झालं.

तेव्हा १२३४५६७८९८७६५४३२१ = ३^४ × ३७^२ × ३३३६६७^२.

विभाजकांची संख्या: प्रत्येक घातात एक मिळवून गुणा. ५×३×३ = ४५. पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषम असते, तेव्हा इथे सम उत्तर आलं तर चूक झाली म्हणून समजा.

विभाजकांची बेरीज तीन कंसांचा गुणाकार आहे:
१+३+९+२७+८१ = १२१
१+३७+१३६९ = १४०७
१+३३३६६७+१११३३३६६६८८९ = १११३३४०००५५७

(३३३६६७ चा वर्ग पाठच करून टाका: १११, ३३३, ६६६, ८८९.)

गुणाकार १८९५४२७९५९२८२७५७९. यातून मूळ संख्या वजा केली तर उरतात ६६०८६००६०५१७३२५८, म्हणजे स्वतःला सोडून बाकी विभाजकांची बेरीज संख्येच्या निम्म्याहून जेमतेम जास्त. ही बेरीज संख्येपेक्षा कमी, म्हणजे ही न्यून संख्या आहे.

एवढ्या मोठ्या गुणाकाराचा ताळा हवाच. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट करून आळीपाळीने अधिक-वजा करा: ५७९−८२७+५९२−२७९+९५४−१८ = १००१. १००१ = ७×११×१३, म्हणजे ७, ११ आणि १३ तिघांनी भाग जातो. जायलाच हवा: १२१ मध्ये ११ आहे, १४०७ मध्ये ७ आहे, आणि तिसऱ्या कंसात ५५७−०+३३४−१११ = ७८०, म्हणजे १३. नवाचाही ताळा पाहा: अंकबेरीज ९९, तेही जुळतं.

बाकी_शून्य:

एक्सेलचं उत्तर सोपं आहे. एक्सेल संख्येचे फक्त पहिले १५ सार्थ अंक ठेवतं आणि पुढचे शून्य करतं. ही संख्या १७ अंकी, म्हणून शेवटचे २१ गेले आणि १२३४५६७८९८७६५४३०० राहिलं. सेलचा फॉरमॅट नंतर 'टेक्स्ट' केला तरी गेलेले अंक परत येत नाहीत. संख्या टाकण्याआधी टेक्स्ट करा, नाहीतर आधी एकेरी अवतरणचिन्ह टाइप करा. मात्र मग ती नुसती अक्षरं. दिसतील पूर्ण, गणित केलंत की पुन्हा तेच. सोळा अंकी कार्ड नंबर असलेली सीएसव्ही फाइल डबल-क्लिक करून उघडली की शेवटचा अंक शून्य होतो, तेही याच कारणाने. ती फाइल इम्पोर्ट करून तो कॉलम टेक्स्ट म्हणून घ्यायचा.

प्रोग्रामिंगमध्ये दोन वेगळे सापळे आहेत.

जावास्क्रिप्टमध्ये साध्या संख्या ६४ बिटांच्या फ्लोटमध्ये (मर्यादित अचूकतेच्या दशांश प्रकारात) राहतात. २^५३ = ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे फक्त सम संख्याच नेमक्या लिहिता येतात. आपली संख्या त्याच्या पुढची आणि विषम, त्यामुळे ३२० आणि ३२२ यांच्या बरोबर मध्ये सापडते. नियमाप्रमाणे ३२० कडे ढकलली जाते, म्हणून स्क्रीनवर १२३४५६७८९८७६५४३२० दिसतं. बिगइंट (मोठ्या पूर्णांकांचा प्रकार) वापरलं की बरोबर येतं.

जावात १११११११११ साध्या 'इंट'मध्ये (३२ बिटांच्या पूर्णांकात) मावते, वर्ग मावत नाही. उत्तर गुंडाळलं जाऊन १६५३७३२५२९ छापलं जातं. उणे आलं असतं तर निदान शंका आली असती. हे अधिक आहे आणि दहा अंकी आहे, त्यामुळे नजरेतून सहज सुटतं. गुणण्याआधी 'लाँग' (६४ बिटांचा पूर्णांक) करा. गुणून झाल्यावर केलेलं 'लाँग' उपयोगाचं नाही.

पायथनमध्ये पूर्णांक मेमरी पुरेल तेवढे मोठे होतात, काही करावं लागत नाही.

अपूर्णांक:

एवढा खटाटोप कशाला? एखादी संख्या पूर्ण वर्ग आहे की नाही पाहायचं तर वर्गमूळ काढायचं. पूर्णांक आला की पूर्ण वर्ग. तेवढं तर कुठल्याही भाषेत येतं.

बाकी_शून्य:

नेमकं इथेच फसायला होतं. फ्लोटचं वर्गमूळ वापरलंत तर १२३४५६७८९८७६५४३२० चंही वर्गमूळ १११११११११.० येईल आणि ३२२ ने संपणारीचंही तेच. खरं वर्गमूळ १११११११११ पासून साधारण ०.००००००००४५ इतकंच दूर असतं. एवढ्या मोठ्या आकड्याजवळ फ्लोटच्या दोन शेजारच्या किमतींत ०.०००००००१५ चं अंतर असतं. फरक त्याच्या निम्म्याहून कमी, म्हणून गिळला जातो. परत वर्ग करून तपासलंत तरी फ्लोटमध्ये वर्ग ३२० च येतो, म्हणजे ३२० ने संपणारीपुरती खोटी साक्ष पक्की होते.

आणि ३२० ने संपणारी पूर्ण वर्ग असूच शकत नाही: ती ११११११११० × ११११११११२ आहे, दोन वर्गांच्या मधली. पायथनच्या मॅथ मॉड्यूलमध्ये पूर्णांक वर्गमूळाचं वेगळं फंक्शन आहे, ते वापरा आणि पूर्णांकातच वर्ग करून तपासा. (असे आकडे घाताच्या रूपात लिहावेत: ४.५×१०^−९ आणि १.५×१०^−८.)

अपूर्णांक:

मान्य. पण कॉम्प्युटर नसेल आणि दहा अंकी डिस्प्लेचा कॅल्क्युलेटरच असेल तर? तिथे १.२३४५६७८९९×१०^१६ एवढंच दिसतं.

पाढेवाला:

मग तीन-तीनच्या गटांनी करा. १११ चा वर्ग १२३२१. १००१००१ चा वर्ग १००२००३००२००१, म्हणजे हजाराच्या पायऱ्यांवर १, २, ३, २, १. तेव्हा १२३२१ ला १, २, ३, २, १ ने गुणून उजवीकडून हातचे सरकवा:

१२३२१ : लिहा ३२१, हातचे १२
२४६४२+१२ = २४६५४ : लिहा ६५४, हातचे २४
३६९६३+२४ = ३६९८७ : लिहा ९८७, हातचे ३६
२४६४२+३६ = २४६७८ : लिहा ६७८, हातचे २४
१२३२१+२४ = १२३४५ : पूर्ण लिहा

डावीकडून वाचा: १२३४५ ६७८ ९८७ ६५४ ३२१. पाच अंकांपलीकडे काहीच गेलं नाही, म्हणजे कॅल्क्युलेटरही नको.

हातचा_एक:

आता आठाचं. नऊ एकांना नऊ एकांनी गुणताना नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उभ्या रकान्यांत किती एक येतात ते मोजा: १, २, ३ … ९ … ३, २, १. कुठेच हातचा नाही, म्हणून रकान्यांची मोजणीच उत्तर म्हणून उतरते.

दहा एक घेतले की मधल्या रकान्यात १० येतात. शून्य लिहा, हातचा १. त्याच्या डावीकडच्या रकान्यात ९+१ = १०, पुन्हा शून्य, हातचा १. पुढे ८+१ = ९, तिथे हातचा संपला. हातचा फक्त डावीकडे जातो, म्हणून उजवी उतरण शाबूत राहते आणि डावीकडे '८, ९, १०' च्या जागी '९, ०, ०' दिसतं. आठ पळाला नाही, हातचा मिळून नऊ झाला.

हाच आठ १/८१ मध्येही दिसत नाही: ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… दोन्ही एकच गोष्ट आहे, कारण एकांच्या संख्येचा वर्ग म्हणजे (१०^न − १) च्या वर्गाला ८१ ने भागणं, इथे न म्हणजे एक किती आहेत ते. नऊ एकांसाठी करून पाहा: १२३४५६७९०१२३४५६७९ मधून २४६९१३५८ वजा करा, आपली संख्या हजर.

पण दहाव्या एकाला 'आकृतिबंध मोडतो' असं म्हणतात, ते मला पटत नाही. जिना मोडतो. त्याच्याखाली दुसरी एक गोष्ट आहे, ती मोडत नाही. न एकांचा वर्ग घ्या, उजवीकडून न अंक कापा, आणि दोन्ही तुकडे मिळवा:

१२१ : १+२१ = २२
१२३२१ : १२+३२१ = ३३३
१२३४३२१ : १२३+४३२१ = ४४४४
… १२३४५६७८९८७६५४३२१ : १२३४५६७८+९८७६५४३२१ = ९९९९९९९९९

दोन एकांना २२, तीन एकांना ३३३, नऊ एकांना नऊ नव्वे नव्हे, नऊ नऊ. आता दहा एक, जिथे जिना कोसळला म्हणता:

१२३४५६७९०+०९८७६५४३२१ = ११११११११११

आणि अकरा एकांचा वर्ग १२३४५६७९०१२०९८७६५४३२१. कापा: १२३४५६७९०१+२०९८७६५४३२१ = २२२२२२२२२२२.

नवानंतर पुन्हा एकपासून सुरू. कारण असं: तुकडे मिळवणं म्हणजे (१०^न − १) ने भागून बाकी पाहणंच, आणि १०^न − १ म्हणजे न एकांची नऊपट. तेव्हा न एकांच्या वर्गाची बाकी = न एक × (न एकांना ९ ने भागून येणारी बाकी), आणि ती बाकी अंकबेरजेवरून, म्हणजे न वरूनच ठरते. न ला नवाने नि:शेष भाग गेला तर बाकी शून्य, तिथे तुकड्यांची बेरीज सगळे नऊ अशी येते.

दहा एकांची संख्या स्वतःच परत आली, म्हणजे ती कापरेकर संख्या झाली. ४५ चा वर्ग २०२५, २०+२५ = ४५, तोच प्रकार. द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) देवळालीला शाळेत शिकवायचे. १२१, १२३२१ या घराण्याला 'डेमलो संख्या' हे नाव त्यांनीच दिलं. डेमलो हे तेव्हाच्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवरचं, मुंबईपासून सुमारे ३० मैलांवरचं स्थानक होतं, तिथे त्यांना ही कल्पना सुचली. लोक ६१७४ वर, म्हणजे 'कापरेकर स्थिरांका'वर, येऊन थांबतात, पण हा भाग माझ्या मते जास्त सुंदर आहे.

त्यांचीच 'हर्षद' कल्पनाही इथे लागू पडते: ज्या संख्येला स्वतःच्या अंकबेरजेने भाग जातो ती हर्षद. आपल्या संख्येची अंकबेरीज ८१, आणि ८१ ने भागल्यावर १५२४१५७८९९७१०४१ येतात, म्हणजे १२३४५६७९ चा वर्ग. एक ते नऊ एकांच्या वर्गांत हर्षद तीनच: १, तीन आणि नऊ एकांचे. बाकीचे नापास, उदाहरणार्थ १२१ ला ४ ने भाग जात नाही.

परार्ध:

वाचण्याबद्दल. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर ही संख्या आणखी देखणी दिसते: १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. वर्तमानपत्री भाषेत १२,३४५ लाख कोटी, ६७,८९८ कोटी, ७६ लाख ५४ हजार ३२१.

जुन्या संज्ञा वापरायच्या तर भास्कराचार्यांच्या लीलावतीतली यादी घ्या, तिथे प्रत्येक संज्ञा आधीच्या दहापट आहे. १ मध्य, २ अंत्य, ३ जलधि, ४ शंकू, ५ महापद्म, ६ निखर्व, ७ खर्व, ८ अब्ज, ९ अर्बुद, ८ कोटी, ७ प्रयुत, ६ लक्ष, ५ अयुत, ४ सहस्र, ३ शत, २ दश, १. एकच सांभाळा: या यादीत खर्व म्हणजे १०^१०, तर हिंदीतला खरब म्हणजे १०^११. दोन्ही पद्धती एकाच वाक्यात मिसळल्या की दहापटीची चूक होते.

अशा चढ-उताराच्या संख्यांचं कौतुक आपल्याकडे जुनं आहे. नवव्या शतकात महावीराचार्यांनी गणितसारसंग्रहात १२३४५६५४३२१ चं वर्णन 'एकपासून सहापर्यंत चढणारी आणि मग क्रमाने उतरणारी' अशा अर्थाने केलं आहे. तो सहा एकांचा वर्ग.

तीनतेरा:

सगळं तपासत बसलोय. हातचा_एक यांच्या नियमाप्रमाणे १९ ला ९ ने भागून बाकी १, तेव्हा १९ एकांची संख्याही कापरेकर संख्या असायला हवी. माझ्या सी प्रोग्रॅममध्ये तुकड्यांची बेरीज जुळत नाही. ६४ बिटांचा प्रकार घेतला आहे.

बाकी_शून्य:

६४ बिटांच्या चिन्हासहित पूर्णांकाची कमाल ९२२३३७२०३६८५४७७५८०७, म्हणजे १९ अंकी. दहा एकांचा वर्ग त्यात मावतो, अकरा एकांचा नाही. एकोणीस एकांचा वर्ग ३७ अंकी आहे. मोठ्या पूर्णांकांची लायब्ररी घ्या किंवा पायथनमध्ये करा.

हातचा_एक:

वर्ग १२३४५६७९०१२३४५६७९००९८७६५४३२०९८७६५४३२१. उजवीकडून १९ अंक कापताना उजव्या तुकड्याचा पहिला अंक शून्य येतो, तो मोजायला विसरू नका, नाहीतर कापणी एक घर चुकते:

१२३४५६७९०१२३४५६७९० + ०९८७६५४३२०९८७६५४३२१ = ११११११११११११११११११११ असं घाईत लिहून मोकळे होऊ नका, एक मोजा. १९ च हवेत: १११११११ १११११११ १११११. सात, सात, पाच.